बॉलरूमचे बूट: तळाची लव कशी जपावी

नवा जोड हातात आला की आधी तो उलटा करा. वरचं साटीन, चमकतं बक्कल, निमुळती टाच हे सगळं नंतर बघता येईल. तळावरून अंगठा फिरवा. एका दिशेने मऊ लागेल, उलट दिशेने किंचित अडखळल्यासारखं होईल, आणि अंगठा गेला तिथे रंग थोडा गडद दिसेल. मखमलीवरून बोट फिरवल्यावर उमटते तशी रेघ. ही स्वेडची लव. बॉलरूमच्या, म्हणजे जोडीने करायच्या पाश्चात्त्य नाचांच्या, बुटांची निगा म्हणजे सगळ्यात आधी या लवेची निगा. बाकीचं बहुतेक सगळं तिच्यासाठीच करायचं असतं.

तिचं एवढं महत्त्व का? रस्त्यावरच्या बुटाचा रबरी तळ जमिनीला पकडून ठेवतो. चालताना ते बरं, पण नाचताना गिरकी घेतली की बूट जागेवरच राहतो आणि पीळ गुडघ्याला बसतो. गुळगुळीत चामड्याचा तळ याच्या उलट, तो पायाखालून निसटतो. स्वेड म्हणजे चामड्याची आतली बाजू घासून उभे केलेले तंतू. ते लाकडी फ्लोअरवर पाय सरकू देतात आणि वजन टाकलं की धरूनही ठेवतात. हा तोल नाजूक असतो. धूळ, मेण, ओल, तेल यांपैकी काहीही तळाला लागलं की तो बिघडतो. मग तुम्हाला वाटतं की आज आपलं काहीतरी चुकतंय. नव्या विद्यार्थ्यांमध्ये मी हे सतत बघते. मुलगी सांगते, ‘आज माझी गिरकीच पूर्ण होत नाहीये.’ बूट काढून बघावा तर तळ काळा, काचेसारखा चकचकीत झालेला असतो.

कुठल्या जोडाला काय त्रास होतो

स्पर्धेतल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत 10 नाच असतात. वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप हे स्टँडर्डचे पाच, तर सांबा, चा चा चा, रुंबा, पासो डोब्ले आणि जाइव्ह हे लॅटिनचे पाच. बूटही त्यानुसार दोन जातींचे. बायकांचा लॅटिनचा बूट पुढून उघडा, पट्ट्यांचा, लवचिक तळाचा आणि बहुतेक वेळा अडीच ते तीन इंच टाचेचा असतो. स्टँडर्डचा बूट बंद असतो, सहसा साटीनचा, आणि त्याची टाच थोडी बुटकी. पुरुषांच्या लॅटिनच्या बुटाला दीड इंचाच्या आसपास क्युबन टाच असते, म्हणजे जाड आणि खाली किंचित निमुळती. स्टँडर्डच्या बुटाला साधारण एक इंच, आणि तो अनेकदा पेटंट लेदरचा, म्हणजे चकचकीत लेप दिलेल्या चामड्याचा असतो.

निगा घेताना हा फरक का लागतो, तर झीज वेगवेगळ्या जागी होते. लॅटिनमध्ये वजन चवड्यावर आणि त्यातही अंगठ्याच्या बाजूच्या कडेवर जातं, म्हणून तळ तिथे आधी घासतो. स्टँडर्डमध्ये पुढच्या पावलात टाच आधी टेकते, म्हणून टाचेची मागची कड आधी जाते. घामाचा त्रास लॅटिनच्या पट्ट्यांना आणि आतल्या तळाला जास्त. साटीनवरचे काळे डाग हा स्टँडर्डचा रोग.

पहिले काही दिवस

नवा जोड घेऊन थेट दोन तासांच्या सरावाला जाऊ नका. घरात, स्वच्छ आणि कोरड्या जमिनीवर, पातळ मोजे घालून दहा-पंधरा मिनिटं चाला, चवड्यांवर उठा, खाली या. दोन-तीन दिवस एवढंच करा. चामडं अंगाच्या उबेने आणि घामाच्या हलक्या ओलाव्याने पायाचा आकार घेतं. घाई केलीत तर तो आकार तुमच्या पायावर फोड आणून घेईल.

बूट हाताने वाकवून मऊ करायचा असेल तर फक्त चवड्याशी वाकवा, जिथे पाय नैसर्गिकपणे दुमडतो तिथे. कमानीखाली, म्हणजे टाच आणि चवडा यांच्यामधल्या भागात, आत एक कडक पट्टी असते. तिला शँक म्हणतात आणि ती बहुधा पोलादी असते. उंच टाचेवर तुमचं सगळं वजन ही पट्टी पेलते. तिथे जोर लावून बूट मुडपलात तर पहिल्याच आठवड्यात त्याचा कणा मोडाल.

मापाबद्दल एकच सांगते. नाचाचा बूट चपलेसारखा सैल घ्यायचा नसतो. लॅटिनच्या उघड्या बुटात बोटं तळाच्या कडेपर्यंत यायला हवीत, कारण चामडं वापराने ताणतं. सैल बूट पायात सरकतो, सरकला की आतला तळ लवकर झिजतो, आणि बूट जागेवर राहावा म्हणून पट्टा आवळला जातो. आवळलेला पट्टा मग तुटतो. निगेची बरीच दुखणी अशी मापातून सुरू होतात.

उंबऱ्याबाहेर नाही

नाचाचे बूट घालून बाहेर जायचं नाही. दोन पावलंही नाही, जिन्यापर्यंतही नाही, आणि स्वच्छतागृहात तर मुळीच नाही. हे सगळ्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं जातं आणि सगळे एकदा तरी मोडतात.

मीही मोडलं होतं. सराव चालू असताना फोन आला, आत गाणं मोठ्याने वाजत होतं, म्हणून दाराबाहेर ओसरीवर जाऊन दोन मिनिटं बोलले. नुकतीच फरशी पुसलेली होती. परत आत आले तेव्हा काही जाणवलं नाही. वीसेक मिनिटांनी वॉल्ट्झच्या पहिल्याच वळणात उजवा पाय फ्लोअरला चिकटल्यासारखा अडला आणि गुडघ्यात कळ गेली. बूट उलटा केला तर ओल शोषून वाळलेला स्वेड पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता, आणि चवड्याच्या मधोमध मोहरीएवढा एक खडा रुतून बसला होता. मी ज्या रेषेत नाचले होते त्या रेषेत फ्लोअरवर केसासारखे बारीक ओरखडे उठले होते. गुडघा आठवड्याने बरा झाला. ओरखडे तसेच राहिले, आणि त्यांच्यावरून पुढे कितीतरी जणांचे बूट घासले गेले असतील.

म्हणून पिशवीत साध्या चपला ठेवा, सहज सरकवता येतील अशा. थांबायचं, पाणी प्यायला जायचं, बोलायला बाहेर पडायचं, तर चपला. बूट फ्लोअरच्या काठाशी येऊन घाला आणि तिथेच काढा.

ब्रश

बुटांच्या बरोबरीने घ्यायची पहिली वस्तू म्हणजे तारेचा ब्रश. स्वेडसाठीचे ब्रश वेगळे मिळतात. बारीक पोलादी तारांचे, तळहातात मावणारे, काहींना तारा झाकायला झडप असते. भांडी घासायची तारेची घासणी किंवा गंज काढायचा जाड ब्रश चालत नाही, त्याने तंतू उभे राहण्याऐवजी उपटून येतात.

ब्रश करायची जागा फ्लोअरपासून दूर असावी, शक्यतो कचऱ्याच्या डब्यावर. तळातून निघणारी भुकटी फ्लोअरवर पडली की तिथेच कुणाचा तरी पाय घसरतो. बूट डाव्या हातात असा धरा की वरचा भाग पूर्ण तळहातात झाकला जाईल. तार साटीनला एकदा लागली की धागा ओढला जातो आणि तो परत बसत नाही. आता चवड्याच्या भागावर आखूड, हलके हात फिरवा, पुढे आणि मागे. पहिल्या चार-पाच हातांत काही होत नाहीये असं वाटेल. मग एक करडी भुकटी उडायला लागते, नाकाला चामड्याचा कोरडा वास येतो, आणि काळ्या चकचकीत थरातून मूळचा राखाडी रंग ठिपक्याठिपक्यांनी वर येतो. ते ठिपके एकमेकांना मिळेपर्यंत ब्रश करायचं. मग थांबायचं. पुढे जेवढं घासाल तेवढं चामडंच कमी होणार.

कुठल्या दिशेने ब्रश करावं यावर शिकवणाऱ्यांची मतं वेगळी असतात, टाचेकडून बोटांकडे म्हणणारेही आहेत आणि उलट सांगणारेही. माझ्या मते आधी दोन्हीकडून करून लव उचलावी, आणि शेवटचे चार-पाच हात दोन्ही बुटांवर एकाच दिशेने द्यावेत. एका पायाची लव पुढे झुकलेली आणि दुसऱ्याची मागे, असं झालं तर दोन पायांना फ्लोअर वेगवेगळा लागतो, आणि ते फार विचित्र वाटतं.

तळाच्या कडेशी जपून. तिथे स्वेड आणि वरचा भाग यांचा जोड असतो. तारा त्यात शिरल्या की कड सुटायला लागते. कमानीखालचा भाग फ्लोअरला टेकतच नाही, त्यामुळे तिथे ब्रशची गरज नाही.

किती वेळा? दर क्लासच्या आधी तळ बघायचा, पण दर वेळी घासायचा नाही. प्रकाशात तिरपा धरून चमक दिसते का पाहा. दिसली तर ब्रश, नाही तर राहू द्या. आठवड्यातून दोनदा नाचणाऱ्याला बहुधा दोन-तीन क्लासनंतर लागतो. मेण लावलेल्या फ्लोअरवर नाचत असाल तर एका क्लासमध्येसुद्धा लागेल. कधीकधी मेणाच्या टणक गुठळ्या तळाला चिकटतात, त्या ब्रशने निघत नाहीत. त्या बोथट सुरीच्या कडेने खरवडून काढा, मग ब्रश. थर फारच घट्ट बसला असेल तर बारीक पॉलिश पेपरचा हलका हात फिरवायला हरकत नाही, पण हा अधूनमधूनचा उपाय आहे. रोज केलात तर वर्षभर टिकणारा तळ थोड्या महिन्यांत पातळ होईल.

ब्रशच्या तारांमध्येही मळ अडकतो. जुन्या कंगव्याने तो विंचरून काढत जा. मळका ब्रश एका बुटाचं मेण दुसऱ्याला लावतो.

फ्लोअर आज वेगळाच लागतोय

फार घसरतंय असं वाटलं की आधी ब्रश करा. दहातल्या आठ वेळा तेवढ्याने भागतं. तरीही घसरत असेल तर कापड भिजवून घट्ट पिळा, फ्लोअरबाहेर ठेवा आणि त्यावर दोन्ही पाय हलके टेकून उचला. तंतू किंचित दमट झाले की पकड येते. ती काही मिनिटंच टिकते, आणि सराव संपल्यावर तळ पूर्ण वाळवून ब्रश करावाच लागतो, नाहीतर दमट तंतूंवर धूळ बसून तोच चकचकीत थर दुप्पट वेगाने तयार होतो. कापड ओलं नसावं, दमट असावं. हा फरक हाताला कळतो.

एरंडेल तेलाचे थेंब तळाला लावणारे नाचणारे तुम्हाला भेटतील. त्याने पकड येते हे खरं. पण तेल स्वेडमध्ये मुरतं, धूळ धरतं, आणि तो जोड परत साध्या फ्लोअरच्या कामाचा राहत नाही. शिवाय फ्लोअरवर डाग पडतात, म्हणून अनेक ठिकाणी त्याला मनाई असते. नव्याने शिकणाऱ्याने या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

उलट, पाय चिकटत असेल तर टाल्कम पावडर टाकायचा मोह होतो. टाकू नका. तुमच्या पायाखालची पावडर पाच मिनिटांत सगळ्या फ्लोअरभर पसरते, आणि जाइव्हमध्ये कुणीतरी तिच्यावरून आपटतं. पायाला पावडर लावायची सवय असेल तर ती घरी लावा, नीट चोळून जिरवा, मग या.

घाम

लव खराब करण्यात धुळीनंतर घामाचा नंबर लागतो. घाम आतून तळात उतरतो, गोंद सैल करतो, चामडं ताणतो आणि शँकला गंज चढवतो. त्यामुळे नाच संपल्यानंतरची पहिली दहा मिनिटं महत्त्वाची.

बूट काढले की बक्कल किंवा नाडी पूर्ण मोकळी करा आणि थोडा वेळ तसेच उघडे राहू द्या. तोवर स्वतः पाणी प्या, चपला घाला. मग बूट कापडी पिशवीत भरा, दोन बूट दोन पिशव्यांत असतील तर फारच छान, कारण एकाचं बक्कल दुसऱ्याच्या साटीनला लागत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घामाचे बूट रात्रभर राहिले तर सकाळी येणारा वास पुढे कित्येक आठवडे जात नाही, आणि दमट हवेत पांढरी बुरशीही धरते. धरलीच, तर बूट उघड्यावर नेऊन मऊ कोरड्या ब्रशने झटका आणि सावलीत चांगले वाळू द्या.

घरी पोचल्यावर पिशवीतून बाहेर काढायलाच हवेत. ही पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते. आत कागदाचे बोळे भरा म्हणजे ओल शोषली जाते आणि आकारही राहतो. फिक्या साटीनच्या बुटात छापील वर्तमानपत्र नको, शाई लागते, कोरा कागद घ्या. ऊन, हीटर, हेअर ड्रायर यांच्या जवळ बूट नेऊ नका आणि बंद गाडीत दिवसभर ठेवू नका. उष्णतेने गोंद सुटतो आणि चामडं तडकतं. सावली आणि वाहती हवा पुरे. पूर्ण वाळायला एक दिवस तरी लागतोच, म्हणून रोज नाचणाऱ्यांनी दोन जोड आलटून-पालटून वापरावेत. दोन जोड मिळून एकाच्या दुप्पटीपेक्षा जास्त टिकतात असा माझा अनुभव आहे.

वासासाठी खाण्याचा सोडा जुन्या पातळ मोज्यात किंवा कापडाच्या पुरचुंडीत बांधून बुटात ठेवा. सुटा सोडा आत ओतू नका, ओलाव्याने त्याचे गोळे होतात आणि शिवणीत जाऊन बसतात. आतला तळ जेमतेम दमट कापडाने पुसा, लगेच कोरड्याने पुसा. बूट पाण्यात बुडवायचे नाहीत आणि यंत्रात तर कधीच धुवायचे नाहीत. आतला पुठ्ठा फुगतो, गोंद सुटतो, आणि स्वेड वाळल्यावर लाकडासारखा होतो. मग ब्रशही काही करू शकत नाही.

वरचा भाग

साटीनवर डाग पडला की पांढरं, मऊ कापड टिपल्यासारखं लावा, घासू नका. टिपून गेला नाही तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचा थेंब फेसून, फक्त तो फेस कापडावर घ्या आणि विणीच्या दिशेने हलका फिरवा. कुठल्याही साबणाची आधी आतल्या, न दिसणाऱ्या जागी परीक्षा करा. एक युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. एवढासा ठिपका ओला करून सोडलात तर वाळल्यावर त्याच्या कडेने पाण्याची रेघ उरते. म्हणून डाग गेल्यावर शिवणीपासून शिवणीपर्यंतचा तेवढा पूर्ण तुकडा जेमतेम दमट कापडाने एकसारखा पुसून घ्यावा आणि सावकाश वाळू द्यावा. धागा निघाला तर ओढू नका, मुळाशी कापा आणि टोकाला रंगहीन नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावा.

साटीनवरचे बहुतेक काळे डाग पार्टनरच्या बुटावरून येतात. पुरुषांनी हे मनावर घ्यावं. पॉलिश लावलं की ते कोरड्या कापडाने इतकं चोळा की पांढऱ्या रुमालाला काळं लागता कामा नये. आणि पॉलिश कधीही तळापर्यंत उतरू देऊ नका. चामड्याच्या बुटाला थोडं रंगहीन क्रीम पुरतं, महिन्यातून एकदा, तेही बोटभर कापडावर घेऊन.

पेटंट लेदरचं दुखणं निराळं. पाय एकमेकांजवळून जाताना दोन्ही बुटांच्या आतल्या बाजू घासतात आणि पेटंटला पेटंट चिकटतं, पाऊल मध्येच अडतं. त्यासाठी आतल्या कडांना पेट्रोलियम जेलीचं अगदी पातळ बोट फिरवायचं आणि जास्तीचं पुसून टाकायचं. तळाला लागलं तर घसरगुंडी होईल. पेटंट दुसऱ्या रंगीत वस्तूचा रंग ओढून घेतं, म्हणून हे बूट गडद कापडाला किंवा एकमेकांना टेकवून ठेवू नका.

जाळीचे सरावाचे बूट जुन्या मऊ दातब्रशने आणि फेसाने साफ होतात. त्यांत फारसं अवघड काही नाही.

टाच, बक्कल, नाडी

बायकांच्या बारीक टाचेवर प्लास्टिकच्या टोप्या चढवतात. त्या टाच आणि फ्लोअर दोन्ही वाचवतात, आणि काही ठिकाणी त्यांच्याशिवाय फ्लोअरवर जाऊ देत नाहीत. टाचेच्या आकाराप्रमाणे टोपीही वेगळी लागते, सरळ टाचेची टोपी पसरट टाचेवर बसत नाही. घट्ट असेल तर गरम पाण्यात मिनिटभर बुडवा, पुसा आणि मऊ असतानाच चढवा. गार झाली की घट्ट बसते. टोप्या खालून झिजतात. भोक पडायच्या आधी बदला, कारण पडल्यावर फ्लोअर ओरबाडतो आणि टोपी कधी सुटून पडली ते कळत नाही. टोपी वापरत नसाल तर टाचेखालच्या चकतीकडे लक्ष ठेवा. ती झिजून आतला खिळा दिसायला लागला असेल तर त्या दिवशी नाचू नका.

पट्टा ताणून सैल झाला तर नवं भोक पंचनेच पाडा. खिळ्याने पाडलेलं भोक फाटत जातं. जास्तीचा पट्टा पहिल्याच आठवड्यात कापू नका, चामडं किती ताणतंय ते कळू द्या. बक्कल ज्या लहान इलॅस्टिकवर शिवलेलं असतं ते महिन्यातून एकदा बोटांनी ओढून बघा. पट्ट्यापेक्षा आधी तेच सुटतं. बंद बुटांत पाय घालताना मागची बाजू टाचेने चिरडू नका. शूहॉर्न, म्हणजे टाच आत सरकवायची पट्टी वापरा, पुरुषांनी नाडी पूर्ण सैल करूनच पाय घालावा. मागची बाजू एकदा दबली की टाच धरून ठेवत नाही.

दुरुस्ती, आणि जोड बदलायची वेळ

तळ झिजला म्हणजे बूट गेला असं नाही. ब्रश करूनही लव उठत नसेल, किंवा चवड्याखाली स्वेड कागदासारखा पातळ झाला असेल, तर बूट दुरुस्त करणाऱ्या अनुभवी कारागिराकडून नवा स्वेड बसवून घेता येतो. त्यांना दोन गोष्टी सांगा. नवा स्वेड जुन्याएवढ्याच जाडीचा हवा, नाहीतर टाचेचा आणि चवड्याचा तोल बदलतो. आणि दोन्ही बुटांना एकाच चामड्याचा तुकडा हवा, एकच बूट झिजला असला तरी. मागे चिकट थर असलेले स्वेडचे तयार तुकडेही मिळतात. सरावाच्या साध्या बुटाला ते चालतात, पण त्यांच्या कडा लवकर उचलतात. हलणारी टाच मात्र घरी चिकटवू नका. ती आतून स्क्रूने किंवा खिळ्यांनी बसवलेली असते आणि कारागिरानेच पाहावी.

ज्याची दुरुस्ती करून वापरू नये अशी एक गोष्ट म्हणजे मोडलेली शँक. तपासणी सोपी आहे. बूट टेबलावर ठेवा आणि टाच जिथे टेकते त्या जागेवर आतून हाताने दाबा. कमान खाली बसत असेल, टाच मागे सरकत असेल किंवा करकर आवाज येत असेल, तर त्या जोडावर परत नाचू नका, तो दिसायला कितीही नवा असला तरी. अशा बुटात घोटा मुरगळायला एक चुकलेलं पाऊल पुरतं.

जुना जोड टाकण्याआधी मात्र तो पुढच्या क्लासला घेऊन जा आणि तुमच्या शिक्षकांसमोर उलटा करून ठेवा. लॅटिनच्या बुटात अंगठ्याखालची आतली बाजू घासलेली असेल तर वजन योग्य जागी जातंय. बाहेरची कड घासली असेल तर पाय बाहेर कलतोय. स्टँडर्डमध्ये टाचेची मागची कड कोरीच राहिली असेल, तर जिथे टाच आधी टेकायला हवी तिथे तुम्ही सपाट पाय टाकत आहात. एक बूट दुसऱ्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल तर तेही विचारा. शिक्षक बोट ठेवून दाखवतील ती जागा नव्या जोडाच्या तळावर पेन्सिलीने हलकी खूण करून ठेवा. पहिल्या ब्रशमध्ये ती पुसली जाईल, तोपर्यंत दर वेळी बूट चढवताना ती दिसत राहील.